पगाराआधी कार्डाची चौकशी करा

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यात द्राक्षे आणि कांदा पिकवतो. माझी मुलगी नाशिकला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला कस्टम व आयात-निर्यातीच्या कामात जायचे आहे. एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या डिप्लोमासाठी ८५,००० रुपये फी सांगते आणि ‘कस्टमचे लायसन्स व शंभर टक्के नोकरी’ असे आश्वासन देते. दुसरीकडे, तिच्या मामांच्या ओळखीने पनवेलजवळच्या एका सीएचए कंपनीत कमी पगाराची नोकरी मिळू शकते. फी भरावी की नोकरी घ्यावी? या कामात मुलींना बंदरावर रात्री-अपरात्री थांबावे लागते का? आणि हे शिकून ती कस्टम अधिकारी होईल का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण फी आणि पगार यांची तुलना केली आहे. माझ्या मते निर्णय एका तिसऱ्याच गोष्टीवर घ्यायला हवा आणि तिचा उल्लेख आपल्या पत्रात नाही : पनवेलची कंपनी आपल्या मुलीच्या नावाने सीमाशुल्क विभागाकडे कार्डासाठी, म्हणजे या कामाच्या अधिकृत ओळखपत्रासाठी, अर्ज करणार आहे का?

आयातदार-निर्यातदारांच्या वतीने सीमाशुल्काचे काम करणाऱ्या ज्या मध्यस्थाला आपण अजूनही सवयीने सीएचए म्हणतो, त्याला कायद्याच्या भाषेत आता ‘कस्टम्स ब्रोकर’ म्हणतात आणि त्याचा परवाना सीमाशुल्क अधिनियम १९६२ च्या कलम १४६ खाली केलेल्या २०१८ च्या नियमावलीनुसार मिळतो. त्यासाठी ‘नासिन’ ही केंद्र सरकारची प्रबोधिनी लेखी आणि तोंडी परीक्षा घेते. कोणतीही खासगी संस्था हा परवाना देऊ शकत नाही, त्यामुळे ‘लायसन्स’चे आश्वासन एवढ्यावरच निकालात निघते. शिवाय या परीक्षेला बसण्यासाठी नुसते बी.कॉम. पुरत नाही. पदवीच्या जोडीला सी.ए., एम.बी.ए., एलएल.बी. किंवा लेखा, वित्त, व्यवस्थापन यांतील पदव्युत्तर पदवी यांसारखी व्यावसायिक पात्रता लागते, किंवा सरकारमान्य संस्थेचा अथवा विद्यापीठाचा सीमाशुल्क-कामकाजाचा डिप्लोमा लागतो, किंवा मग ‘जी’ कार्डधारक (या कार्डाविषयी पुढे लिहितो) म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्या संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारावा : आपला डिप्लोमा या नियमावलीतील पात्रतेसाठी ग्राह्य धरला जातो का, आणि धरला जात असेल तर कोणत्या मान्यतेच्या आधारे? उत्तर तोंडीच मिळाले, तर ८५,००० रुपये घरातच राहू द्यावेत. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्याविषयी मी याहून अधिक काही लिहीत नाही.

आता कार्डाविषयी. ब्रोकरकडे काम करणाऱ्या, पण विभागाची परीक्षा न दिलेल्या कर्मचाऱ्याला ‘एच’ कार्ड मिळते आणि त्यासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते. कायदा आणि कार्यपद्धती यांवर सीमाशुल्क विभाग घेतो ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ‘जी’ कार्ड मिळते, तर परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला ‘एफ’ कार्ड. हे अर्ज ब्रोकरमार्फतच करावे लागतात. अनेक कार्यालये नव्या मुलांकडून वर्षानुवर्षे टंकन आणि धावपळ करून घेतात, कार्डाचे मात्र नाव काढत नाहीत, आणि कार्डाशिवाय केलेली अशी वर्षे परवान्याच्या पात्रतेत मोजली जात नाहीत. म्हणून मामांनी पगाराची घासाघीस करण्याआधी ‘एच’ कार्डाचा अर्ज केव्हा करणार आणि ‘जी’च्या परीक्षेला कधी बसवणार, हे मालकांना विचारावे. स्पष्ट उत्तर मिळाले, तर पगार कमी असला तरी ही नोकरी घ्यावी, असे माझे मत आहे.

हे काम कागद इकडून तिकडे नेण्याचे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ते किती बारकाईचे आहे, हे आपल्या घरच्या पिकावरून मुलीला समजावून देता येईल. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, तो आदेश वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालयाचा होता. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले होते, ती अधिसूचना मात्र वित्त मंत्रालयाची होती. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आले आणि ४० टक्के शुल्कही लागू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले, तर १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. एकाच मालासाठी दोन मंत्रालयांच्या आदेशांवर रोज लक्ष ठेवायचे, आदेश निघाला त्या क्षणी आपला कंटेनर कोणत्या टप्प्यावर होता ते पाहायचे, आणि आधीच सीमाशुल्काच्या ताब्यात गेलेल्या मालाला आदेशात काही सवलत आहे का हे शोधायचे, ही ब्रोकरच्या कार्यालयातली खरी कामे आहेत.

वर्गीकरणाचेही तसेच आहे. मालाचा प्रकार ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सहा अंकी एचएस संकेतांकाला आपल्याकडे आणखी दोन अंक जोडून आठ अंकी केले जाते. त्यात ताजा कांदा ०७०३ या शीर्षकाखाली येतो आणि सुकवलेला कांदा ०७१२ खाली, तर तळून मसाला लावलेला असेल तर थेट प्रकरण २० पाहावे लागते. त्यामुळेच ताज्या कांद्यावरची बंदी सुकवलेल्या कांद्याला आपोआप लागू होत नाही. २०११ पासून आयातदार-निर्यातदाराने शुल्काचे निर्धारण स्वतःच करायचे असल्यामुळे संकेतांक चुकला तर अधिकाऱ्याने तो दुरुस्त करेपर्यंत वाट पाहण्याची सोय उरलेली नाही. फरकाचे शुल्क, व्याज आणि प्रसंगी दंड ग्राहकाला भरावा लागतो, आणि ब्रोकरने पुरेशी दक्षता घेतली नव्हती असे दिसले तर त्याचा परवानाही अडचणीत येतो.

रात्रीच्या कामाविषयीची आपली काळजी योग्य आहे आणि तिचे उत्तर विभागानुसार बदलते. गोदामात मालाची तपासणी करून घेणे, कंटेनर भरताना हजर राहणे आणि गेटवरचा खोळंबा सोडवणे ही डॉक क्लार्कची कामे असून त्यांना वेळेचे बंधन नसते. द्राक्षांच्या हंगामात तर मुळीच नसते. मात्र शिपिंग बिल (निर्यातीचे घोषणापत्र) आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचे घोषणापत्र) ‘आइसगेट’ या सीमाशुल्काच्या ऑनलाइन प्रणालीवर भरली जातात, आणि २०२० मध्ये आयातीसाठी चेहराविरहित मूल्यांकन सुरू झाल्यापासून न्हावा शेवाला उतरलेल्या मालाची बिल ऑफ एंट्री दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासत असू शकतो. पूर्वी खिडकीपाशी उभे राहून जे तोंडी पटवले जाई, ते आता लेखी आणि नेमक्या शब्दांत मांडावे लागते, त्यामुळे नेटके इंग्रजी लिहिणाऱ्या व्यक्तीची किंमत कार्यालयात वाढली आहे. तरीही पहिल्या वर्षी काही महिने तिने दिवसपाळीत माल-तपासणीला जरूर जावे. उघडलेली खोकी पाहिल्याशिवाय इन्व्हॉइसवरचे वर्णन आणि प्रत्यक्ष माल यांतला फरक कळत नाही. प्रवासाची आणि राहण्याची सोय काय, हे कंपनीला आधीच विचारण्यात संकोच नसावा.

अभ्यासासाठी सीमाशुल्क अधिनियम, १९७५ चा सीमाशुल्क दरपत्रक अधिनियम आणि २०२३ चे विदेश व्यापार धोरण हे तिन्ही सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. परीक्षा मराठीतून होत नाही, म्हणून तिने आतापासून मूळ इंग्रजी मजकूरच वाचावा आणि कार्यालयात दिवसभरात जो माल हाताळला त्याचे शीर्षक संध्याकाळी स्वतः शोधून पाहावे. पुढे स्वतःचा परवाना काढायचा झाल्यास ५ लाख रुपयांची सुरक्षा ठेव किंवा तेवढ्या रकमेची बँक हमी लागते, त्याचा विचार चार-पाच वर्षांनी केला तरी चालेल. तिला कागदपत्रांपेक्षा परदेशी ग्राहक शोधणे आणि सौदे ठरवणे अधिक आवडत असेल, तर मात्र वाट वेगळी आहे : १९६३ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय विदेश व्यापार संस्थेसारख्या ठिकाणी आंतरराष्ट्रीय व्यापारातील एम.बी.ए. करावे आणि त्यासाठी ‘कॅट’ या प्रवेशपरीक्षेची तयारी करावी.

अधिकारी होण्याचा मार्ग या सगळ्याशी जोडलेला नाही. सीमाशुल्क हा केंद्राचा विषय असल्यामुळे ही भरती एमपीएससी करत नाही. एक्झामिनर आणि प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर ही पदे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेतून भरली जातात, तर भारतीय महसूल सेवा यूपीएससीमार्फत मिळते. ब्रोकरकडचा अनुभव या परीक्षांत गुण मिळवून देत नाही, पण नोकरी करत असताना अर्ज भरायला कोणतीही आडकाठी नाही. एक्झामिनर आणि प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर या पदांना सर्वसाधारण गटात वयाची मर्यादा ३० वर्षांची असल्यामुळे पदवी मिळताच तिने पहिला अर्ज करावा. या दोन्ही पदांसाठी उंची-वजनाच्या अटी आहेत, शिवाय ठरलेल्या वेळेत चालण्याची चाचणीही होते, हे तिला आधीच सांगून ठेवावे.