मार्चमध्ये नागपूरजवळ स्थलांतरित पक्षी दिसतात का, की सीझन संपलेला असतो?

संपला असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते माझ्या साडूभाऊंसारखे असणार. पट्टकादंब, म्हणजे थंडीत येणारे ते हंसासारखे मोठे पाहुणे पक्षी, उडाले की यांचं दुकान बंद.

मार्चच्या मध्यावर आम्ही दोघं उमरेड रोडकडच्या सायकी तलावावर गेलो होतो. कादंब निघून गेले होते, बदकं थोडीच उरली होती. साडूभाऊंनी कॅमेरा बॅगेत टाकला आणि गाडीत जाऊन बसले. मी काठावर थांबलो. पाणी मागे सरकून ओला चिखल उघडा पडला होता आणि तिथे म्हशी चरत होत्या. म्हशीनं पाय उचलला की माश्या उठायच्या आणि त्या टिपायला धोबी, म्हणजे सतत शेपटी हलवणारे छोटे पक्षी, तिच्या खुरांमधून पळायचे. डिसेंबरमध्ये हेच धोबी सगळे मळकट दिसतात, कोण कुठला हे ओळखू येत नाही. मार्चमध्ये परतीच्या आधी त्यांना विणीची पिसं येतात. एकाचं डोकं राखी, एकाचं काळं कुळकुळीत. दोघंही पिवळे धोबीच, पण राखी डोक्याचा पार उत्तरेला सायबेरियाकडे जाणारा आणि काळ्या डोक्याचा कझाकस्तान-तुर्कस्तानकडचा. त्यांच्यातच पिवळ्या डोक्याचा धोबीही होता: डोकं लिंबासारखं, मानेमागे काळा पट्टा. इतक्या दूरदूरच्या मुलखांतले पक्षी एकाच म्हशीभोवती! मी धावत जाऊन साडूभाऊंना बोलावलं. ते काचेतूनच म्हणाले, "धोबी होय? काय बघून राहिले तुम्ही, ते तर बारा महिने दिसतात."

अजूनही लग्नकार्यात ते सांगतात, यानं मला उन्हात धोबी दाखवायला नेलं.

तर तुमचा प्रश्न. मार्चमध्ये जाच. तलाव नाही जमला तर फुललेला पळस किंवा काटेसावर गाठा. तिथे भोरड्यांचे, म्हणजे मैनेच्या जातीतल्या पाहुण्या पक्ष्यांचे, थवे मध प्यायला येतात. एरवी मळकट दिसणाऱ्या भोरड्यांची पाठ या दिवसांत गुलाबी झालेली असते. मोठ्या लेन्सची गरज नाही, साधी दुर्बीण आणि एका जागी बसायची तयारी पुरे. "किती जाती झाल्या" असं दर दहा मिनिटांनी विचारणारा माणूस सोबत नेऊ नका.

हो, बदकंच बघायची असतील तर डिसेंबर-जानेवारीत जा, मार्चमध्ये निराशा होईल. आणि उजाडायच्या आत पोचा. नऊनंतर आपलं ऊन काय असतं ते सांगायला नको.

साडूभाऊ हे वाचत असतील तर एवढंच: काळा-पांढरा कवड्या धोबी इथलाच, तो बारा महिने दिसतो, मान्य. पण लिंबासारख्या डोक्याचा तो धोबी मला जूनमध्ये सायकीवर दाखवा, पुढच्या सगळ्या फेऱ्यांचं पेट्रोल माझ्याकडे.