शेताचे ठिकाण नोंदवल्याने काय साधते? ई-पीक पाहणीबाबत शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न (सांगोला व मंगळवेढा तालुक्यांतील शेतकऱ्यांकडून) : ई-पीक पाहणी करताना पिकाच्या फोटोबरोबर शेताचे ठिकाणही घेतले जाते. ही माहिती पुढे इतर खात्यांना व कंपन्यांना दिली जाते, असे गावात बोलले जाते. त्यामुळे आमच्या जमिनीला काही धोका आहे का, आणि नोंदीचा आम्हाला उपयोग काय?

उत्तर : धोक्याविषयी आधी सांगतो, कारण त्या भीतीपोटी अनेकजण नोंदच टाळतात. ई-पीक पाहणी ही शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची पिकाची नोंद आहे, मालकीची नाही. मोबाईलवर दिसणाऱ्या गटाच्या रेषेमुळे कोणाचा बांध सरकत नाही किंवा कोणाला नवा हक्क मिळत नाही. हद्दीबद्दल वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणे हाच मार्ग आहे.

आता उपयोगाकडे वळू. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली आहेत आणि त्यांतील एक ठिपका 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठ्याचा असतो. एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या उपग्रहालाही हिरवे दिसते ते ज्वारी आहे की मका, हे आपोआप कळत नाही. ते त्याला शिकवावे लागते, आणि त्यासाठी तुम्ही शेतात उभे राहून ठिकाणासह नोंदवलेले पीकच कामी येते. म्हणून रब्बीत ज्वारी असताना घाईने हरभरा नोंदवला, तर ती चूक एका सातबाऱ्यापुरती राहत नाही; परिसराच्या पेरणी क्षेत्राचा अंदाजही तितका बिघडतो.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार दुष्काळ ठरवताना पावसाबरोबरच पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून मोजलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि पाणीसाठा हेही तपासले जाते. 2023 मध्ये राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस व सांगोला हे तालुके होते. अशा निर्णयामागची माहिती वेगवेगळ्या खात्यांकडून येते, आणि ती एकाच नकाशावर बसली तरच तालुक्याचे खरे चित्र समोर येते.

पुराच्या वेळी हे आणखी ठळकपणे जाणवते. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीकाठच्या गावांनी जो पूर सोसला, तशा वेळी आभाळ भरलेले असते. पण रडार असलेले उपग्रह ढगांआडूनही पाणी कुठवर पसरले ते दाखवतात. तो नकाशा महसूल, कृषी, वीज आणि बांधकाम या सर्वांच्या हाती एकाच वेळी असेल, तर पंचनाम्याचे पथक आधी कोणत्या शिवारात पाठवायचे आणि कोणता रस्ता बंद आहे, हे लवकर ठरते. मात्र पाणी ओसरल्यावर माती किती खरडून गेली, हे अशा नकाशावरून नेमके सांगता येत नाही. पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याने स्वतः हजर राहावे, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

उद्योगांच्या बाबतीत साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. लागणीची तारीख, वाण आणि प्लॉटचे ठिकाण एकत्र नोंदले असेल, तर तोडणीचा क्रम व वाहनांच्या फेऱ्या आखणे सोपे जाते. डाळिंबात हे काम आणखी पुढे गेलेले आहे. निर्यातीच्या बागांची नोंदणी अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचे काम पाहणारी केंद्राची संस्था) अनारनेट प्रणालीत होते आणि परदेशात पोहोचलेल्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. आपल्या भागात मला त्याहून मोलाची वाटते ती रोगाची माहिती. तेलकट डाग हा डाळिंबावरील रोग पावसाच्या थेंबांनी, वाऱ्याने आणि छाटणीच्या कात्रीनेही पसरतो. बागेत डाग दिसूनही ते लपवले, तर शेजारच्या बागायतदाराला वेळेत फवारणी करता येत नाही. बागेचे ठिकाण आणि डाग प्रथम दिसल्याची तारीख कृषी कार्यालयास अवश्य कळवावी.

नोंद करताना मोबाईलचे लोकेशन सुरू ठेवून शेताच्या मध्यभागी, मोकळ्या आभाळाखाली उभे राहावे. बांधावरच्या लिंबाखाली उभे राहिल्यास काही मीटरचा फरक पडून शेजारचा गट दिसू शकतो. गावनकाशे जुन्या मोजणीवरून संगणकात आणलेले असल्याने त्यांतही कुठे कुठे सरक आढळते. नोंद चुकल्यास 48 तासांच्या आत एकदा स्वतः दुरुस्ती करता येते. पीकविम्याच्या अर्जातील पीक आणि पाहणीतील पीक यांत तफावत ठेवू नये.

माहिती देण्यालाही मर्यादा असावी. पिकाचे ठिकाण सांगणे वेगळे आणि आधारचा ओटीपी किंवा बँकेचा तपशील सांगणे वेगळे. सर्वेक्षणाच्या नावाखाली कोणी ओटीपी मागितल्यास देऊ नये, आणि खासगी कंपनीचा प्रतिनिधी शेताची माहिती मागत असल्यास ती कशासाठी हवी आहे, हे लेखी घ्यावे. पाहणीनंतर गाव नमुना 12 वर (सातबाऱ्यातील पिकांच्या नोंदीचा भाग) पीक व क्षेत्र बरोबर आले आहे का ते पाहावे आणि 48 तास उलटून गेल्यावर चूक लक्षात आल्यास ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्याकडे) लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी.