ॲटिकस बदलला नाही, तो आधी असाच लिहिला होता

प्रिय मावशी,

मी विदर्भातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. बारावीच्या सुट्टीत अमेरिकन लेखिका हार्पर ली यांचं ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ हाती पडलं आणि त्यातल्या, निरपराध कृष्णवर्णीयासाठी लढणाऱ्या गोऱ्या वकिलासारखं, ॲटिकस फिंचसारखं व्हायचं, एवढ्या एका वेडापायी मी लॉला गेले. सिनेमात ॲटिकस झालेल्या ग्रेगरी पेकचा फोटो पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर आहे. त्याच लेखिकेचं ‘गो सेट अ वॉचमन’ 2015 साली आलं तेव्हा मी ते मुद्दाम वाचलं नाही. यंदा वाढदिवसाला माझ्या ज्युनिअरने भेट दिलं, म्हणून वाचलं. त्यात माझा ॲटिकस वर्णभेद टिकवायला जमलेल्या गोऱ्यांच्या सभेत पुढच्या टेबलाशी बसलेला निघाला. मला रडू आवरेना. नवरा म्हणतो, अगं, पुस्तक आहे, सोडून दे. बाररूममध्ये एक सहकारी म्हणाले, ‘मॅडम, तुमचा आदर्शही शेवटी आपल्यातलाच निघाला!’ मी फोटो ड्रॉवरमध्ये टाकला. गरिबांना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर मी आहे. परवा एका आरोपीसाठी उभी राहिले आणि मनात आलं, हे सगळं आपण कुणाचं बघून करतोय? लेखिकेचा फार राग येतो. मुलगी तेरा वर्षांची आहे. यंदा तिला ‘मॉकिंगबर्ड’ द्यायचं ठरवलं होतं. देऊ का?

– एक वकीलबाई


प्रिय वकीलबाई,

‘पुस्तक आहे, सोडून दे’ असं मी म्हणणार नाही. ज्या पुस्तकामुळे तू काळा कोट घातलास, ते तुझ्यासाठी नुसतं पुस्तक कसं असेल? आणि तू एकटीही नाहीस. 2015 च्या जुलैमध्ये अमेरिकेत हेच झालं. पहिल्या आठवड्यात दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या, आणि लगेच लोक हळहळायला लागले. मुलाचं नाव हौसेने ॲटिकस ठेवलेले आईबाप गोंधळले. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीतल्या एका पुस्तकाच्या दुकानाने तर ग्राहकांना पैसे परत देऊ केले. ही छान नवी कादंबरी म्हणून वाचायची गोष्ट नाही, अभ्यास म्हणून बघायची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्या दुकानदाराचं पटतं. का, ते सांगते.

तू ज्याला पुढचा भाग समजून रडलीस, तो पुढचा भाग नाही. तू वकील आहेस, तेव्हा पुरावाच समोर ठेवते. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी घे आणि त्यातला बलात्काराचा खटला बघ. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये कृष्णवर्णीय आरोपी टॉम रॉबिन्सन दोषी ठरतो. सगळं पुस्तक त्या निकालावर उभं आहे. ‘वॉचमन’मध्ये तोच खटला जेमतेम एखाद्या पानात उरकलाय, आणि त्यात ॲटिकसने आरोपीला निर्दोष सोडवलेलं आहे! आरोपीचा एक हात तिथे लाकडाच्या गिरणीतल्या अपघातात तुटलेला आहे. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये त्याचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये सापडून निकामी झालेला आहे. तुमच्या भागात जिनिंग म्हणजे काय हे सांगायला नको. पुढचा भाग लिहिणारी बाई आपल्याच पहिल्या पुस्तकाचा निकाल फिरवेल का? मेकॉम्ब गावाची आणि अलेक्झांड्रा आत्याची काही वर्णनं तर दोन्हीकडे जवळपास शब्दशः सारखी आहेत. हा एकाच कथेचा आधीचा खर्डा आहे.

घडलं ते असं. 1956 च्या नाताळात न्यूयॉर्कमधल्या मित्र दांपत्याने हार्पर ली यांना वर्षभराच्या खर्चाचे पैसे भेट दिले, की नोकरी सोड आणि लिही. 1957 मध्ये त्यांनी लिपिनकॉट या प्रकाशनाकडे नेलं ते ‘वॉचमन’चं हस्तलिखित. तिथल्या संपादक टे होहॉफ यांना त्यातल्या बालपणाच्या आठवणी आवडल्या. त्या म्हणाल्या, हेच लिही, आणि लहान मुलीच्या नजरेतून लिही. त्यानंतर दोनेक वर्षं ली यांनी ते पुन्हा पुन्हा लिहिलं. 1960 मध्ये ‘मॉकिंगबर्ड’ आलं, 1961 मध्ये त्याला पुलित्झर मिळालं, आणि आधीचा खर्डा पडून राहिला. तो थेट 2015 मध्ये बाहेर आला. ली तेव्हा 89 वर्षांच्या होत्या, दृष्टी आणि कान दोन्ही अधू झाले होते. त्यांचं सगळं कायदेशीर काम बघणारी वकील बहीण ॲलिस नोव्हेंबर 2014 मध्ये गेली आणि फेब्रुवारीत पुस्तकाची घोषणा झाली. ली यांच्यावर दबाव आहे का, याची अलाबामा सरकारने चौकशी केली; त्यात तसं काही आढळलं नाही. ते मान्य करू. पण न तासलेला खर्डा ‘पुढची गोष्ट’ म्हणून वाचकाच्या हाती दिला गेला, ही वाचकांची फसगत होती असं माझं स्पष्ट मत आहे. तुझा राग लेखिकेवर नको. तिने ॲटिकसच्या लहानग्या मुलीला, स्काउटला, वीस वर्षं पुढे नेऊन तुझा ॲटिकस बिघडवला नाही. तिने आधी असा ॲटिकस लिहिला, मग तो बाजूला ठेवला आणि महत्प्रयासाने दुसरा उभा केला.

आता इथेच थांबले तर तुला बरं वाटेल. पण तू विचारलंयस त्यापेक्षा हे कमी होईल, कारण दुखलंय ते कालक्रमामुळे नव्हे.

तुला सर्वांत जास्त काय लागलं असेल याचा मला अंदाज आहे. सभेचा प्रसंग वाईट आहेच. सव्वीस वर्षांची जीन लुईस, म्हणजे मोठी झालेली स्काउट, कोर्टाच्या माडीवर, लहानपणी जिथून तिने वडिलांना लढताना पाहिलं त्याच जागी बसून खाली बघते, आणि वडील एका विखारी वक्त्याची ओळख करून देत असतात. पण वकिलाच्या काळजाला हात घालणारा प्रसंग पुढे आहे. ॲटिकसच्या घरी काम केलेल्या कृष्णवर्णीय कॅलपर्नियाच्या नातवाच्या गाडीखाली एक दारू प्यायलेला गोरा माणूस सापडतो आणि मरतो. ॲटिकस ती केस घ्यायला तयार होतो. क्षणभर आपल्याला वाटतं, आला, आपला ॲटिकस आला! मग कळतं की त्याने वकीलपत्र घेतलं ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील गावात शिरू नयेत म्हणून. तेच कोर्ट, तोच माणूस, तेच काम, आणि हेतू असा. जीन लुईस मग कॅलपर्नियाच्या घरी जाते. जिने आईच्या मायेने वाढवलं ती म्हातारी तिच्याशी परक्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलते. तिच्या डोळ्यांत ओळख नसते. ‘वॉचमन’ कादंबरी म्हणून मला कच्ची वाटते. शेवटच्या भागात पानंच्या पानं वाद आहेत, काका पुतणीला थोबाडीत मारतो आणि तिचं डोकं ताळ्यावर येतं, हे तर मुळीच पटत नाही. पण कॅलपर्नियाच्या घरातली ती पानं अस्सल आहेत. ती मी परत परत वाचते.

आणि एक सांगू? ‘मॉकिंगबर्ड’ पुन्हा काढून सावकाश वाच. त्यातही ॲटिकस तू फोटोत पाहतेस तेवढा उजळ नाही. टॉमची केस त्याने आपणहून घेतलेली नाही, न्यायाधीश टेलर यांनी ती त्याच्याकडे सोपवली आहे. अशी केस आयुष्यात वाट्याला येऊ नये अशी आपली इच्छा होती, असं तो भावाला सांगतो. कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेबद्दल मुलांशी बोलताना तो ते प्रकरण फार हलकं करून सांगतो. टॉमला मारायला आलेल्या जमावातल्या कनिंगहॅमला तो मुळात चांगला माणूस म्हणतो. 1992 मध्ये मन्रो फ्रीडमन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने यावरच बोट ठेवलं होतं: नेमणूक झाली म्हणून लढला, एरवी त्या अन्यायी गावात हा माणूस शांतपणे जगत होता. अमेरिकेतले वकील त्यांच्यावर तुटून पडले. ते ‘वॉचमन’ बाहेर येण्याच्या कितीतरी आधी! आपण हे का पाहिलं नाही? कारण गोष्ट सांगते लहानगी स्काउट. सहा ते नऊ वर्षांच्या मुलीला बाप जसा दिसतो, तसा तो आपल्याला दिसला.

ली यांचे स्वतःचे वडील, ॲमसा कोलमन ली, अलाबामातल्या मन्रोव्हिलमध्ये वकील होते. 1919 मध्ये खुनाच्या खटल्यात त्यांनी दोन कृष्णवर्णीय आरोपींचा, बाप-लेकाचा, बचाव केला. दोघांना फाशी झाली. त्यानंतर त्यांनी फौजदारी केस घेतली नाही. आणि हेच गृहस्थ वर्षानुवर्षं काळ्या-गोऱ्यांनी वेगळं राहावं याच मताचे होते. उतारवयात कुठे त्यांचं मत बदलत गेलं. म्हणजे दोन्ही ॲटिकस एकाच घरात होते. मुलीने एकदा बापावर रागावून लिहिलं, एकदा मायेने लिहिलं. मला यातलं एकही खोटं वाटत नाही.

‘वॉचमन’मधला काका, त्याची थोबाडीत सोडली तर, एक गोष्ट पुतणीला नेमकी सांगतो. तू वडिलांना देव मानलंस आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या खुंटीला टांगून ठेवलीस, आता ती काढून घे, अशा अर्थाचं. तुझ्या पत्रातल्या ‘कुणाचं बघून करतोय’ या प्रश्नाला मी यापेक्षा वेगळं उत्तर देणार नाही. मला सांग, परवा तू ज्या आरोपीसाठी उभी राहिलीस, त्याची कागदपत्रं तू आदल्या रात्री ॲटिकससाठी वाचलीस का? उलटतपासणीत साक्षीदाराला तारखांवरून पकडलंस, ते पेकच्या फोटोला दाखवायला? सुरुवात त्याच्यामुळे झाली, ते खरंच आहे. पुढची सगळी वर्षं तुझी आहेत.

पॅनलचं काम किती महत्त्वाचं आहे, हे ॲटिकसपेक्षा त्याच्या काळातल्या एका खऱ्या घटनेतून जास्त कळतं. 1931 मध्ये अलाबामातच स्कॉट्सबरो इथे नऊ कृष्णवर्णीय पोरांवर दोन गोऱ्या मुलींच्या बलात्काराचा आळ आला. न्यायाधीशांनी सुरुवातीला त्यांच्यासाठी गावातल्या सगळ्याच वकिलांची मिळून नेमणूक केली, म्हणजे खरं तर कुणाचीच नाही. तयारीला वेळ नाही, धड भेट नाही. काही दिवसांत आठ जणांना फाशीची शिक्षा. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’मध्ये त्यातल्या सात जणांची शिक्षा रद्द केली: नावापुरता वकील म्हणजे वकील नव्हे. आपल्याकडे घटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39-अ आहे, त्यासाठी 1987 चा कायदा आहे, पॅनल आहे. तरीही ‘फुकटचा वकील’ म्हणून कोपऱ्यात उभं राहून पुढची तारीख घेणारे कितीतरी जण तू रोज बघत असशील. तू तशी नाहीस, हे तुझ्या पत्राच्या ओळी-ओळीतून दिसतंय. म्हणून तुझं पॅनलवर राहणं मला फार मोलाचं वाटतं. ते या दुःखापायी सोडू नकोस.

बाररूममधल्या त्या सहकाऱ्यांना दोन खटल्यांचे दोन निकाल दाखव. वकील आहेत, त्यांना कळेल. नाही कळलं तर वाद घालत बसू नकोस.

फोटोची घाई नाही. राहू दे ड्रॉवरमध्ये. पेकला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं, आणि तो फोटो एका उत्तम नटाचा आहे हेही लक्षात असू दे. काही महिन्यांनी वाटलं तर परत ठेव.

आता लेकीचं. दे तिला ‘मॉकिंगबर्ड’, जरूर दे, आणि याच वर्षी दे. तेरा हे त्यासाठी चांगलं वय आहे. त्यात बलात्काराचा खटला आहे, तेव्हा आधी तिच्याशी थोडं बोल. मग मात्र मध्ये मध्ये समजावत बसू नकोस. ॲटिकस आरोप करणाऱ्या मेयेलाच्या बापाला, बॉब युएलला, पाकिटावर सही करायला लावतो आणि तो डाव्या हाताने लिहितो, मेयेलाच्या चेहऱ्यावर मार उजव्या बाजूला, आणि टॉमचा डावा हात लुळा – हे तिचं तिला जोडू दे. ते जोडताना तुला जे झालं होतं, तेच तिला होऊ दे. ‘मी याच्यामुळे वकील झाले’ हेही तिला आत्ता सांगू नकोस, तिच्यावर ओझं होईल. वाचून झाल्यावर एकच विचार: टॉमबद्दल आपल्याला काय काय कळलं? त्याची बायको, मुलं, त्याचं घर? फार थोडं कळतं. हा त्या पुस्तकातला खरा उणेपणा आहे, आणि तेरा वर्षांच्या मुली अशा गोष्टी चटकन पकडतात.

‘वॉचमन’ लपवून ठेवू नकोस. कपाटात राहू दे. कॉलेजात गेली की तिचं ती काढून वाचेल, आणि तेव्हा बहुतेक तुझ्याशी कशावरून तरी भांडत असेल. तिला सांग, हे आधी लिहिलेलं आहे, आणि कॅलपर्नियाच्या घरापर्यंत तरी नक्की वाच.

तुझी,
मावशी