तारण : पतसंस्थेतले आणि चर्चमधले

प्रश्न असा आला आहे : श्रीरामपुरात एका पतसंस्थेवर 'सोनेतारण कर्ज' अशी पाटी पाहिली आणि थोडे पुढे चर्चच्या भिंतीवर 'तारणाचा दिवस' असलेले वचन. ही दोन्ही तारणे एकच का? ख्रिस्ती माणूस नेमके काय गहाण ठेवतो?

शब्द एकच आहे. संस्कृत 'तॄ' म्हणजे तरणे, पार जाणे. दुसऱ्याला पार नेणे ते तारणे, आणि त्यावरून तारण. नावेला म्हणतो ते तारू, तारक, 'देव तारी त्याला कोण मारी' ही सगळी याच घरची माणसे. पैशाच्या व्यवहारात हा शब्द कसा आला असेल, याचा माग मला आपल्या रोजच्या बोलण्यात लागतो. मराठीत कर्ज म्हणजे पाणीच. घेणारा कर्जात बुडतो, देणाऱ्याचे पैसे बुडतात, आणि बँकेच्या वहीत ते बुडीत खात्यात जातात. देणाऱ्याची रक्कम बुडू देत नाही ती वस्तू म्हणजे तारण.

आता बायबलकडे. चर्चमधल्या 'तारणा'मागे नव्या कराराच्या, म्हणजे येशूच्या काळापासूनच्या बायबलच्या भागाच्या, मूळ ग्रीकमधले 'सोझो' हे क्रियापद आहे : वाचवणे, सोडवणे, बरे करणे. मराठी भाषांतरात ते प्रसंगाप्रमाणे वेगवेगळे उतरते. पाण्यावर चालताना येशूचा शिष्य पेत्र बुडू लागतो तेव्हा 'प्रभुजी, मला वाचवा' असे ओरडतो, तिथे हेच क्रियापद. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या बाईला येशू म्हणतो, 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे', तिथेही हेच. खुद्द 'येशू' हे नाव 'परमेश्वर तारतो' या अर्थाच्या हिब्रू नावावरून आले आहे. म्हणून तारण म्हणजे फक्त मेल्यानंतरचा स्वर्ग असे समजू नये. बुडणारा हात आणि दुखणारे शरीरही त्यात येते.

गंमत म्हणजे व्यवहारातले शब्द मराठी बायबलात आहेतच, पण ते वेगळे. पवित्र आत्मा हा 'विसार' आहे असे नव्या करारातल्या पत्रांचा लेखक पौल लिहितो. जमिनीच्या व्यवहारात आपण विसारपावती करतो तोच हा विसार. आणि येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून, म्हणजे लोकांच्या सुटकेची किंमत म्हणून देतो. हा शब्द आज वर्तमानपत्रांनी इतका नासवला आहे की नव्या वाचकाला तिथे ठेच लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या शब्दाचा रोजच्या जगण्याशी संबंध काय, हे बायबलातल्या जक्कयाच्या गोष्टीत सगळ्यात लख्ख दिसते. तो जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा तो उभा राहून म्हणतो की अर्धे धन गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो. त्यावर येशूचे उत्तर : 'आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे.' एकट्या माणसाला म्हटलेले नाही, घराला म्हटले आहे.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दूध घालायची. उन्हाळ्यात म्हैस आटली की शेजारीण म्हणायची, 'वाईच पाणी घाल की, कोण बघतंय?' आजी चरवी धुता धुता सांगायची, 'माझं तारण झालंय बाई. दुधात पाणी कसं घालू?'

तिचे क्रियापद बघा. पतसंस्थेत तारण 'ठेवतात', 'देतात', 'सोडवून आणतात'. चर्चमध्ये तारण 'होते', 'मिळते', माणूस तारण 'पावतो'. वाक्यात पुढे 'ठेवले' आले की सोने समजावे, 'झाले' आले की माणूस. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की ख्रिस्ती माणूस गहाण काहीच ठेवत नाही. तारण त्याला मिळते.