आधी जाऊन ये

प्रिय बाळ,

तुझ्या बाबांनी तो तक्ता पाठवला. बारावीनंतर तुझ्यासमोर असलेली चार कॉलेजं (सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग आणि विलिंग्डन, पुण्याचं एक खासगी विद्यापीठ आणि विज्ञानाची संस्था आयसर) आणि अकरा रकाने. फी, नॅकची श्रेणी, रँक, गेल्या वर्षीचा कटऑफ, सर्वांत मोठं पॅकेज, हॉस्टेल, तासगावपासूनचं अंतर. मी प्रिंट काढून दोनदा वाचला. मग बाबांशी पाऊण तास फोनवर बोलले. मागे तू होतीस, भांड्यांचा आवाज येत होता. "तिचं काय म्हणणं आहे?" असं विचारलं तर ते म्हणाले, "ती म्हणते, तुम्ही ठरवाल ते." आणि रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "मॅडम, मला काहीच कळत नाहीये. सगळीच चांगली वाटतात." त्यानंतर मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

मी तुला उलट एवढंच विचारलं होतं, की या चारपैकी किती ठिकाणी तू स्वतः जाऊन आलीस? तू लिहिलंस, "व्हिडिओ बघितले." अगं, ड्रोनने काढलेल्या व्हिडिओत हिरवळ दिसते आणि कारंजं दिसतं. चार वर्षं तू कारंज्यापाशी बसणार आहेस का?

जाऊन ये. बाकी काहीही ठरवायच्या आधी जाऊन ये.

हे मी का धरून बसले आहे ते सांगते. 1983 साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी मी बारावी झाले. तीन ठिकाणी प्रवेश मिळत होता. आमच्या वडिलांनी माहितीपुस्तकं मागवली. एकाच्या मुखपृष्ठावर तीन मजली इमारतीचं सुंदर रंगीत चित्र होतं. ते चित्र बघून आम्ही पैसे भरले. पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन उतरलो तर इमारत अजून पायाच्या वर आलेली नव्हती. तास भरायचे एका हायस्कुलात, दुपारच्या पाळीत, लहान मुलांच्या बाकांवर. वर्कशॉप तिसऱ्या वर्षी उभं राहिलं, त्यातही दोन लेथ (धातू कातायची यंत्रं) आणि साठ मुलं. मी लेथला नीट हात लावला तो नोकरीला लागल्यावर. पॉलिटेक्निकमध्ये मुलांना शिकवायची वेळ आली, तेव्हा संध्याकाळी सगळे गेल्यावर वर्कशॉपच्या मामांकडून मी शिकत होते. वडिलांना दोष देत नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी कर्ज काढून फी भरली होती. पण एक दिवस, फक्त एक दिवस एसटीने जाऊन आलो असतो तर चित्र आणि पाया यातला फरक डोळ्यांनी दिसला असता.

आणि एवढं सोसूनही मी माझ्या लेकीच्या वेळी तेच केलं. तुझी आई माझी विद्यार्थिनी, पण हे तिलाही मी कधी सांगितलेलं नाही. 2011 साली लेकीच्या प्रवेशाचा पसंतीक्रम मी भरला. घरी बसून, कटऑफची यादी समोर ठेवून, वरून खाली. ती शेजारी बसली होती, "चालेल" म्हणत होती. त्या महिन्यात माझ्याकडे पेपर तपासणीचे गठ्ठे होते, ह्यांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती, आणि मी वीस वर्षं याच क्षेत्रात शिकवत होते, मला कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? कॉलेज चांगलंच होतं. आजही मी ते वाईट म्हणणार नाही. पण दुसऱ्या वर्षी तिचा फोन आला, "आई, लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी असते, आणि आमच्या हॉस्टेलचं गेट सातला बंद होतं." चार वर्षं मुलं लायब्ररीत बसली आणि मुली खोलीत कॉटवर. ही गोष्ट कुठल्या रँकिंगमध्ये येते? गेटवरच्या एका मुलीला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळली असती. एक दिवसाची रजा मागितली असती तर मिळालीही असती. लेक म्हणते, आई, आता सोड ते. मला सोडता येत नाही.

तर बाळ, तुझ्या तक्त्याकडे येते. जे कागदावर कळतं ते कागदावर बघून संपव, त्यात महिना घालवू नकोस. फी घे. 8 जुलै 2024 चा मुलींच्या फीमाफीचा शासन निर्णय आहे. तुमचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि तुझं ओबीसीचं प्रमाणपत्र आहे, म्हणजे कॅपमधून, सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, मिळालेल्या वालचंदच्या इलेक्ट्रिकलला तुला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पुण्याच्या त्या खासगी विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठाला नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. बाबा जमीन तारण ठेवायचं बोलत होते, त्यांना हे वाचून दाखव. पॅकेजचंही तसंच. जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा असतो, तो एका मुलाचा. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीला, कॉलेजं जी माहिती भरून देतात त्यात मध्यक पगार असतो (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी), किती जणांना नोकरी लागली तेही असतं. तो आकडा तक्त्यात घाल आणि मोठ्या आकड्याचा रकाना खोडून टाक. झालं. कागदाचं काम इथे संपलं.

आता खरं काम. तुझ्या कॅपच्या अर्जात वालचंदच्या वर सात पर्याय आहेत आणि ते नेट कॅफेतल्या दादाने भरून दिले, असं बाबा सहज बोलून गेले. मला ते ऐकून घाम फुटला. तुम्ही बेटरमेंट घेतलंय, म्हणजे यादीत वरचं काही मिळालं तर हवं असं कळवलंय. पुढच्या फेरीत त्या सातांपैकी एखादं लागलं की वालचंदची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणजे ज्या कॉलेजाचं तोंड तू पाहिलं नाहीस, त्याच्यासाठी हातातली जागा सोडायला तू सही करून बसली आहेस. जे पाहिलं नाही ते वर लिहायचं नाही. फेरीआधी अर्ज बदलायला मिळतो का ते आजच बघ, नाहीतर आहे ती जागा फ्रीझ, म्हणजे पक्की कर, पण तेही जाऊन आल्यावरच.

सांगलीची फेरी तर एका दिवसात होते. वालचंद विश्रामबागला आणि तुझं बीएस्सीचं विलिंग्डनही विश्रामबागलाच. सकाळच्या एसटीने निघ, तिकीटही बायकांना अर्धंच आहे. ऑफिसात जाऊ नकोस, तिथे सगळे गोडच बोलतात. लॅबकडे जा. यंत्राशेजारी लॉगबुक असतं, त्यातली शेवटची नोंद कधीची आहे ते बघ. ऑसिलोस्कोपवरचं (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावरचं) प्लास्टिक अजून काढलेलं नसेल तर तो विकत घेतलाय, वापरलेला नाही. आमच्याकडेसुद्धा एक मशीन तीन वर्षं ग्रीसच्या कागदात गुंडाळलेलं होतं आणि तपासणी समिती आली की आम्ही तो कागद काढायचो. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. हॉस्टेलचं गेट कधी बंद होतं, रविवारी वर्कशॉपमध्ये जाता येतं का, कायमचे शिक्षक किती, हे विचार. लाजू नकोस. तू तिथे भीक मागायला चाललेली नाहीस.

पुण्याला दुसऱ्या दिवशी. आयसर पाषाणला आहे. तुझी खरी ओढ तिकडे आहे, हे तुझ्या तक्त्यावरूनच मला कळलं, कारण त्या एका ओळीत पॅकेजचा रकाना तू कोरा सोडलास आणि समोर कंसात "फिजिक्स" लिहिलंस. आणखी कुठेच तू विषयाचं नाव लिहिलेलं नाहीस. पण ओढ आहे म्हणून तिथेही न बघता जायचं नाही. पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, सुरुवातीला जीवशास्त्रही घ्यावं लागेल, त्याचा तुला कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे. कँटीनमध्ये बस, चौथ्या वर्षाच्या मुलांना विचार की आता काय करताय. त्यांचं बोलणं ऐकताना तुझ्या पोटात काय होतं ते लक्षात ठेव.

खासगी विद्यापीठवाले शुक्रवारपर्यंत पैसे भरा म्हणतायत. घाई लावणाऱ्याकडे तर आधी जाऊनच यायचं. प्रवेश रद्द केला तर किती परत मिळणार हे लेखी माग. आणि मूळ दाखले त्यांना ठेवून घेता येत नाहीत, दाखवायचे आणि परत घ्यायचे. बाबा भिडस्त आहेत, ते दाखले देऊन येतील. फाइल तुझ्या हातात ठेव.

तू म्हणशील, मॅडम, तुम्ही ठरवून टाका ना. नाही ठरवणार. मी एकदा ठरवलं होतं.

बाबांना बरोबर ने, पण आत शिरल्यावर त्यांना कट्ट्यावर बसव आणि तू एकटी फिर. परत आल्यावर रात्री कितीही वाजले तरी मला फोन कर. बाबांनी नको, तू कर. मी पहिला प्रश्न लॉगबुकचा विचारणार आहे.

तुझ्या आईच्या आणि आता तुझ्याही,
मॅडम