मेअखेरीस वेल्समध्ये पफिन पाहायचे आहेत, स्कोमर बेटावर एक दिवस पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की मेच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघं मुलीकडे कार्डिफला येताय, वय साठीच्या पुढे आहे, पक्षी पाहायला भिगवणला नेहमी जाता, आणि आता पफिन या रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्यासाठी स्कोमर की फार्न बेटं हे ठरत नाहीये. मी बरीच वर्षं वेल्समध्ये राहते आणि स्कोमरवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कार्डिफहून निघणार असाल तर स्कोमरच. फार्न बेटं पार वर नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याला आहेत, एका दिवसात जाऊन येणं होणार नाही. स्कोमर पेम्ब्रोकशरच्या टोकाला. मोटारीनं मार्टिन्स हेवनपर्यंत अडीच-तीन तास, तिथून होडीनं पंधराएक मिनिटं. पफिन पाहायला एक दिवस पुरतो. पण या बेटावर सगळ्यात जास्त संख्येनं राहणारा पक्षी दिवसा दिसतच नाही. त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागते, आणि तुम्ही ती करावी असं मला मनापासून वाटतं.

आधी तिकिटं. दिवसाला २५० माणसांनाच बेटावर उतरू देतात, बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं आणि मे-जूनच्या जागा फार लवकर भरतात, तेव्हा मुलीला आजच बघायला सांगा. सोमवारी एरवी होडी नसते, बँक हॉलिडेचा (सार्वजनिक सुट्टीचा) सोमवार तेवढा अपवाद. त्या आठवड्यात इथल्या शाळांनाही सुट्टी असते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. उतरण्याची जागा उत्तरेकडे उघडी आहे, त्यामुळे उत्तरेचा वारा सुटला की ऊन पडलेलं असूनही होडी रद्द होते. म्हणून एकच दिवस हाताशी ठेवून येऊ नका, जवळ मार्लोस गावात किंवा हॅवरफर्डवेस्टला दोन रात्री मुक्काम करा.

गुडघ्यांचं म्हणाल, तर होडीतून उतरल्या उतरल्या ८७ पायऱ्या चढायच्या आहेत. त्या सावकाश चढलात की पुढची वाट बरीचशी सपाट आहे. पूर्ण फेरी साडेसहा किलोमीटरच्या आसपास होते. बेटावर खाण्याचं दुकान नाही, डबा बरोबर घ्या. झाडं नसल्यामुळे वारा थेट अंगावर येतो, तेव्हा मे महिना असला तरी कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट हवंच.

होडीत बसण्याआधी पिशव्यांत एखादा उंदीर तर लपलेला नाही ना, हे बघायला सांगतात. ते अगदी मनावर घ्या, कारण या बेटाचं सगळं वैभव त्यावर उभं आहे. इथे घुशींसारखे मोठे उंदीर (रॅट) नाहीत, कोल्हे नाहीत, म्हणून लाखो पक्षी बिनघोर जमिनीत बिळं करून राहतात. मध्ययुगात मांसासाठी आणि कातड्यासाठी इथे ससे आणून सोडले होते, त्यांची बिळंही पक्ष्यांनी घेतली. त्यामुळे बेटाची जमीन आतून पोकळ आहे. वाट सोडून एक पाऊल टाकलंत तरी बिळाचं छत आतल्या अंड्यावर कोसळू शकतं. फोटोसाठीसुद्धा वाट सोडायची नाही.

आता पफिन. फोटोंवरून मोठा वाटतो, पण लांबी तीस सेंटिमीटरहून कमी आणि वजन चारेकशे ग्रॅम, म्हणजे आपल्या कावळ्याहून लहान. २०२३ च्या मोजणीत स्कोमरवर ४२ हजारांहून जास्त पफिन भरले. मेअखेरीस बहुतेक जोड्यांचं एकुलतं एक अंडं बिळात असतं आणि नर-मादी पाळीपाळीनं सुमारे चाळीस दिवस ते उबवतात. चोचीत आडव्या मासळ्या धरलेला पफिन हाच फोटो तुम्हाला हवा असेल, तर त्याची खरी वेळ जून-जुलै. मेच्या शेवटी ज्यांची पिल्लं लवकर निघाली असतील असे थोडेच तसे दिसतील. तरीही मी मेच निवडेन, कारण तेव्हा सगळं बेट फुललेलं असतं. निळी ब्लूबेल ओसरायला लागलेली, गुलाबी रेड कॅम्पियन भरात, आणि त्या रंगातून चालत येणारे पफिन. ब्लूबेल हे खरं तर जंगलात झाडांखाली येणारं फूल. इथे झाडं नाहीत, पण उन्हाळ्यात उंच वाढणारं ब्रॅकन नेचं त्याला तशीच सावली देतं.

उतरता क्षणी नॉर्थ हेवनलाच पफिन दिसतील आणि लोक तिथेच थांबून राहतील. तुम्ही पुढे चला. बेटावर साधारण पाच तास मिळतात. आधी उत्तरेचा गार्लंड स्टोन, मग स्कोमर हेड असं करत ‘द विक’ला या आणि शेवटचे दोन तास तिथेच बसा. दिवस चढतो तसे समुद्रावर गेलेले पफिन जमिनीवर परतायला लागतात, आणि विकला वाट त्यांच्या बिळांमधूनच जाते. स्वस्थ बसलात तर ते तुमच्या बुटांजवळून वाट ओलांडतात. फेरी पूर्ण करण्यापेक्षा हे बसणं कितीतरी मोलाचं आहे.

समोरच्या काळ्या कड्यावर गिलमॉट आणि रेझरबिल हे पफिनच्या कुळातले पक्षी आणि किटिवेक नावाचे कुरव दाटीवाटीनं बसलेले असतात. गिलमॉट घरटं करतच नाही, उघड्या कपारीवर एक अंडं घालतो. टिम बर्कहेड हे शास्त्रज्ञ या गिलमॉटांचा अभ्यास १९७२ पासून इथे करत आले आहेत.

मध्यभागातल्या जुन्या शेतवाडीच्या आसपास थांबून आखूड कानांचं घुबड शोधा. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर येतं तेच. इथे ते भर दिवसा स्कोमर व्होलच्या मागावर उडताना दिसतं. हा उंदरासारखा छोटा प्राणी जगात फक्त याच बेटावर आहे. लाल चोचीचा आणि लाल पायांचा चफ हा कावळ्याच्या कुळातला पक्षी लडाख-स्पितीत पाहिला असेल, तोही इथे कड्यांवर भेटेल. गार्लंड स्टोनच्या खडकांवर करडे सील पहुडलेले असतात, मात्र त्यांची पिल्लं पाहायची तर शरद ऋतूत यावं लागतं.

आणि आता तो रात्रीचा पक्षी, मँक्स शिअरवॉटर. एकट्या स्कोमरवर त्याच्या अंदाजे साडेतीन लाख जोड्या आहेत. स्कोमर, शेजारचं स्कोकहोम आणि मिडलहोम मिळून जगातले निम्म्याहून अधिक मँक्स शिअरवॉटर इथेच वीण करतात. दिवसा तुम्ही वाटेवरून चालत असता तेव्हा दोन्ही बाजूंना बिळांत हजारो पक्षी अंड्यांवर बसलेले असतात आणि तुम्हाला पत्ताही नसतो. त्याचे पाय शरीराच्या पार मागे असतात, त्यामुळे जमिनीवर तो धड चालू शकत नाही आणि मोठा काळ्या पाठीचा कुरव त्याला सहज मारतो. वाटेवर नुसते पंख आणि छातीचं हाड उरलेले अवशेष दिसतील, ते त्याचेच. म्हणून तो मिट्ट काळोखातच बिळाकडे येतो, चांदण्या रात्री कमी. हिवाळ्यात हे पक्षी अर्जेंटिनाच्या समुद्रात असतात, आणि पिल्लं तो प्रवास आईबापांशिवाय करतात. १९५२ मध्ये स्कोकहोमवरचा एक पक्षी बॉस्टनला नेऊन सोडला होता. तो सुमारे ५,००० किलोमीटर उडून साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परतला, सोडल्याचं पत्र पोचायच्या आधी.

त्यांची रात्र अनुभवायची तर बेटावरच्या वसतिगृहात राहावं लागतं. तिथे फक्त १६ जणांची सोय आहे, बुकिंग आदल्या वर्षीच संपतं, स्वयंपाक आपला आपण करायचा. अंधार पडला, रात्री अकरा वाजून गेले, की चहूकडून त्यांचा घोगरा कल्ला सुरू होतो आणि डोक्यावरून पंखांचे सपकारे जायला लागतात. या वर्षी ते जमणार नाही, पण पुढच्या खेपेला दिनदर्शिकेत अमावास्या बघून तारीख धराच. आत्ता तुमच्यासाठी संध्याकाळची होडीची फेरी आहे. ती बेटावर उतरवत नाही, म्हणजे पायऱ्याही नाहीत. अंधाराची वाट पाहत शिअरवॉटर मावळतीला समुद्रावर मोठ्या थव्यांनी तरंगत जमतात, ते जवळून दिसतात. सकाळचं बेट आणि दुसऱ्या दिवशीची ही फेरी अशी जोडी जमवा.

वाऱ्यामुळे बेट हुकलंच, तर मार्टिन्स हेवनलाच डियर पार्क नावाचं भूशिर आहे, तिथे चक्कर मारा. चफ हमखास असतात, आणि भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहत असेल तेव्हा जॅक साउंडच्या अरुंद सामुद्रधुनीत पॉर्पॉइझच्या (डॉल्फिनसारख्या छोट्या सागरी प्राण्याच्या) पाठी दिसतात. दुर्बीण ८ × ४२ ची असली तर उत्तम.