दिवसभर खुर्चीत बसून कंबर दुखते. ताठ बसायची सवय लावली तर थांबेल का?

नुसतं ताठ बसून नाही. छाती काढून बसलं की पाठीचे स्नायू थोड्या वेळात थकतात आणि माणूस पुन्हा पोक काढून घसरतो.

आधी मधली जागा शोधा. तळहात ढुंगणाखाली ठेवा, दोन टोकदार हाडं लागतील. आता कंबर पूर्ण ढिली सोडून पोक काढा, मग उलट पूर्ण कमान करा, आणि मग ती कमान जराशी सैल सोडा. भार बरोबर त्या हाडांवर येतो. हे 10-15 वेळा, दिवसातून तीनदा. दुखणं पायात उतरू लागलं तर थांबा.

मग आंघोळीचा टॉवेल गुंडाळून पट्ट्याच्या रेषेत, पाठीमागे ठेवा. बहुतेक जण तो फार वर लावतात, किंवा खुर्चीच्या कडेवर बसतात. मग महागडी खुर्चीही फुकट. पाऊल टेकत नसेल तर खाली पाट घ्या.

तरीही दर अर्ध्या तासाने उठायचंच. कितीही चांगली बैठक असो, तासन्‌तास तीच ठेवली की दुखतंच.

पाय लुळा पडला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम नको, लगेच दवाखाना.